तीनचा आकडा आणि आवरता न येणारे बोट

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांच्या नजरेतून पडद्यावरच्या खुणा निसटत असत. याचा छडा लावण्यासाठी केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ केले. त्याच्या कोऱ्या तबकडीवर काटा दर सेकंदाला एक टप्पा सरके आणि क्वचित, अनियमित अंतराने, एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी ओळखून कळ दाबायची, तीही सलग दोन तास. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासानंतरच हुकणाऱ्या उड्या वाढलेल्या आढळल्या.

याचे कारण कंटाळा, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. मात्र अशी कामे करणाऱ्यांना पुढे श्रमाविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी ती मनावर बराच ताण आणणारी असल्याचे सांगितले. काहीच घडत नसताना सावध राहणे हेही कष्टाचेच काम आहे (रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला हे सांगावे लागणार नाही).

मला अधिक विचार करायला लावते ती मानसशास्त्रज्ञ इयन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांची १९९७ मधील एकाग्रतेची चाचणी. तिच्यात १ ते ९ हे आकडे पडद्यावर झरझर येतात, प्रत्येक आकड्याला कळ दाबायची असते आणि केवळ ३ आला की हात आवरायचा असतो. २२५ आकड्यांत ३ फक्त २५ वेळा येतो. त्यामुळे दाबणे हीच सवय होते, बोटाला लय सापडते, आणि आकडा ओळखून मनाने ‘थांब’ म्हणेपर्यंत कळ दाबली गेलेली असते. चूक होण्याआधीचे प्रतिसाद नेहमीपेक्षा जलद झालेले असतात, हे त्याच अभ्यासात दिसले होते.

या वेगाचा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. एका गटाच्या मते मन भरकटते आणि हात यंत्रवत चालू लागतो. दुसऱ्या गटाच्या मते मनुष्य जागरूकच असतो, परंतु त्याने वेगासाठी अचूकतेशी तडजोड केलेली असते. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण सावकाश प्रतिसाद देण्यास सांगितले की याच चाचणीतल्या चुका कमी होतात, आणि लक्षच उडाले असते तर एवढ्या सूचनेने तसे व्हायला नको होते. अर्थात भरकटणे खोटे ठरत नाही. चाचणीच्या मध्येच विचारले असता अनेक जण आपण दुसऱ्याच विचारात होतो, असे कबूल करतात. म्हणून एखाद्याच्या केवळ चुका मोजून त्याची एकाग्रता कमी ठरवणे मला पटत नाही. तो किती वेगाने कळ दाबत होता, हेही त्या चुकांशेजारी मांडलेले असावे.