तिसरी रेघ

रविवार, रात्री पावणेअकरा

आज टोस्टमास्टर्सच्या, भाषणाचा सराव करायच्या क्लबात माझ्या भाषणाला मध्येच टाळ्या वाजल्या, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

शेवटच्या टाळ्यांचं काही नाही. त्या सगळ्यांनाच मिळतात. नाव पुकारल्यापासून माणूस माइकपाशी पोहोचेपर्यंत आणि उतरून खुर्चीत बसेपर्यंत वाजवत राहायचं, असा तिथला रिवाजच आहे. ह्या टाळ्या वेगळ्या होत्या. भाषणात वडिलांच्या, अप्पांच्या सायकलीपाशी येऊन मी थांबलो होतो. खिडकीकडून एकानं सुरुवात केली, दुसऱ्या रांगेनं उचललं, मागून कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणालं. गॅदरिंगमध्ये कविता विसरलेल्या लेकराला धीर द्यायला वाजवतात, अगदी तशा.

मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो.

हे लिहिलं खरं, पण वाचून बघितलं तर पटेना.

मागच्या बैठकीत अडखळणं मोजायचं काम ज्यांच्याकडं होतं, त्या मॅडमनी माझा हिशेब वाचून दाखवला होता. 'म्हणजे' १९ वेळा, 'तर' ११ वेळा. मनाला लागलं नाही, उलट बरं वाटलं, कारण इतक्या बारकाईनं माझं बोलणं याआधी कुणी ऐकलं नव्हतं. उपाय त्यांनीच सांगितला. शब्द सापडत नसला की तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा, शब्द आपसूक येतो. मग पंधरा दिवस तेवढंच केलं. सकाळी कृषी विद्यापीठात फिरायला जातो तिथं, आणि दुपारी वसमत रोडवर गाडी चालवताना हेल्मेटच्या आत. वेळ कळावी म्हणून क्लबात चार मिनिटांना हिरवं कार्ड दाखवतात, पाचला पिवळं, सहाला लाल, वर ३० सेकंदांची सवलत. तेवढ्या वेळात तीनदा थांबायचं ठरवून कागदावर लाल पेनानं तीन उभ्या रेघा मारून ठेवल्या होत्या. तिसरी रेघ सायकलीपाशी होती.

विषय माझाच. सातवीतली वक्तृत्व स्पर्धा, १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. स्वामी रामानंद तीर्थांवर बोलायचं होतं. गुरुजींनी लिहून दिलेलं तोंडपाठ होतं. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे, इथपर्यंत आलो आणि पुढचं गेलं. गेलं ते गेलंच. वर्गाच्या खिडकीबाहेर अप्पा सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे होते. ते येतील असं वाटलं नव्हतं.

आज नेमकं त्याच ठिकाणी टाळ्या.

दिवसभर काउंटरवर बसून शंभर माणसांशी बोलतो मी. पावती, सही, आधार, पुढच्या खिडकीवर जा. तिथं कधी घशाला कोरड पडत नाही. पण चार माणसं गप्प बसून आपल्याकडं बघायला लागली की काय होतं कुणास ठाऊक. अप्पांच्या तेराव्याला भाऊ म्हणाला होता, तू थोरला, दोन शब्द बोल. त्या दिवसाबद्दल नको लिहायला. क्लबात नाव घातलं ते त्यानंतरच.

टोस्टमास्टर्सची सुरुवात १९२४ ची आहे. राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं वायएमसीएच्या तळघरात पहिली बैठक घेतली. तिथल्या तरुणांना चारचौघांत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे बघून त्यांनी ते सुरू केलं. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा फार आधार वाटला होता. आज संध्याकाळी तोच आधार परत शोधत होतो, मिळाला नाही.

मोबाइल पुढच्या खुर्चीवर ठेवून रेकॉर्डिंग केलेलं होतं. घरी येऊन पाच वेळा ऐकलं. माझा शेवटचा शब्द आणि पहिली टाळी यांच्यात चार सेकंद आहेत. उभा होतो तेव्हा मला ते फार मोठे वाटले होते. चार सेकंदांत फक्त पंख्याची घरघर.

पाचव्यांदा लावलं तेव्हा आई उठून आली. "काय ऐकायलास रे मघापासून?" तिला पहिल्यापासून ऐकवलं. टाळ्या आल्या तशी म्हणाली, "चांगले वाजवायलेत की लोकं."

"आई, मी विसरलो असं वाटलं त्यांना."

"महाराज थांबले की टाळ वाजतेतच. त्याला कुणी विसरलं म्हणतं का?"

सप्ताहातलं कीर्तन आठवलं. महाराज दृष्टांत सांगता सांगता थांबायचे, 'विठोबा रखुमाई' म्हणायचे, की मागचे टाळकरी उचलून धरायचे, मृदंग चढायचा. तेवढ्यात महाराज उपरण्यानं घाम पुसून घ्यायचे. पुढचा अभंग आठवतही असतील. अप्पा दुसऱ्या रांगेत. त्यांच्या बोटावर टाळाच्या दोरीचा काळा वळ होता, तो शेवटपर्यंत गेला नाही.

आता खरं लिहितो. रेघेवर थांबलो ते ठरवूनच. पण दोन सेकंदांनी पुढचं वाक्य शोधलं तर ते जागेवर नव्हतं. म्हणजे अर्धं थांबलो आणि अर्धं अडकलो. टाळ्या नसत्या वाजल्या तर पुढं काय बोललो असतो, माहीत नाही. टाळ्यांनंतर एकदम शेवटच्या परिच्छेदावर गेलो. ते वाक्य राहिलंच: परत येताना अप्पा सायकलीवर बसले नाहीत, सायकल हातात धरून सहा किलोमीटर माझ्या बाजूनं चालत आले.

आई खोलीत जाता जाता दारात थांबली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्हाला यायला अंधार झाला होता. सायकल पंक्चर झाली, म्हणाले मला."

सायकल पंक्चर नव्हती. आईला ते सांगितलं नाही अजून. पुढच्या भाषणात घ्यावं का, ठरत नाही.