तापीच्या खोऱ्यातून, चाकांवरच्या घरासह

पाटणादेवीजवळ, बुधवारी रात्री

आज सकाळी धुळ्याहून निघालो आणि दुपारच्या जेवणाआधी चाळीसगाव ओलांडून पाटणादेवीच्या रस्त्याला लागलो. नाशिकच्या दिरांनी आपली कॅरॅव्हॅन नाताळच्या सुट्टीपुरती आम्हाला दिली आहे. गाडीमागे जोडायची ही दोन चाकांची खोली आहे. तिच्यात चौघांना झोपता येईल एवढ्या फळ्या, एक छोटा ओटा, भिंतीतली कपाटे आणि पडद्याआड न्हाणीघर आहे. थोरली सात वर्षांची आहे आणि धाकटा चार. या वयाच्या मुलांना घेऊन आजवर आम्ही जो प्रवास केला, तो सगळा पहाटे उठून पोहोचणे, दुपारच्या उन्हात पाहणे आणि अंधार पडायच्या आत परत निघणे, असाच होता. आपल्याच जिल्ह्यातली ठिकाणे मुलांनी पाहिली खरी, पण तिथली संध्याकाळ आणि तिथली सकाळ त्यांना कधी मिळाली नाही. ती मिळावी, म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे.

निघण्यापूर्वी दिरांनी सामान कसे भरायचे, हे बारकाईने समजावले होते. मागे ओढल्या जाणाऱ्या खोलीच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. मागच्या बाजूला जड सामान भरले, तर वेगात किंवा वाऱ्याच्या झोताने खोली डावी-उजवीकडे डोलू लागते आणि ते डोलणे पुढच्या गाडीलाही ओढून नेते. त्यामुळे पिठाचे डबे, पाण्याचे कॅन आणि अवजारांची पेटी चाकांच्या वर किंवा जरा पुढे ठेवली, आणि पांघरुणे, कपडे व खेळणी मागे गेली. पाण्याची टाकीही मुक्काम जवळ आल्यावरच भरायची, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन आणि ते विनाकारण पन्नास कोस ओढत नेण्यात काही अर्थ नाही. जोडाचा गोळा कुलूपबंद झाला का, साखळ्या खालून एकमेकींवर तिरप्या अडकवल्या का, मागचे दिवे लागतात का, हे तपासण्याचे काम थोरलीने स्वतःहून मागून घेतले आहे आणि ती ते अतिशय गांभीर्याने करते.

प्रवासात मुलांनी कॅरॅव्हॅनमध्ये बसायचे नाही, हा नियम आम्ही पहिल्यापासून ठेवला आहे. आत पट्ट्याची आसने नाहीत, आणि अचानक ब्रेक लागला तर आतले माणूस भिंतीवर आदळण्यावाचून दुसरे काही होऊ शकत नाही. धाकटा त्यावरून बराच वेळ रुसला होता. ‘घर चालतंय आणि आपण बाहेर का?’ हा त्याचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला.

पाटणादेवी गौताळा अभयारण्याच्या कुशीत आहे. जंगलाच्या हद्दीत मुक्काम करायचा नाही, हे आधीच ठरवलेले असल्याने अलीकडच्या एका शेतकरी कुटुंबाची परवानगी घेऊन त्यांच्या खळ्यावर थांबलो. कपाशी वेचून झाली आहे आणि पऱ्हाट्या वाळत उभ्या आहेत. चाकांना पाचरी लावून, चार कोपऱ्यांचे जॅक खाली सोडून खोली समतल करेपर्यंत वस्तीवरची बरीच मंडळी जमली. एका आजोबांनी खोलीला पूर्ण फेरी मारली आणि विचारले, “भाऊ, हाई घर शे का गाडी शे?” मुलांच्या बाबांनी दोन्ही असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी आत डोकावून चूल कुठे आहे ते पाहिले आणि मगच त्यांचे समाधान झाले.

दुपारी चंडिकादेवीच्या मंदिरात जाऊन आलो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला आणि त्याला निकुंभ राजांनी दाने दिली, अशी नोंद असलेला शके ११२८ चा शिलालेख इथलाच, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. सात वर्षांच्या मुलीला शिलालेखाचे काय सांगावे, असा प्रश्न होता. मी तिला एवढेच सांगितले की आठशे वर्षांपूर्वी या जंगलाच्या पायथ्याशी मुले गणित शिकायला येत असत. संध्याकाळी अंधार पडल्यावर ती खळ्यावर आडवी झाली आणि तारे मोजू लागली. त्या मुलांनीही इथूनच मोजले असतील का, असे तिने विचारले. दुपारी देवळात उभी असताना तिला हा प्रश्न सुचला नव्हता. तो सुचायला रात्र व्हावी लागली, आणि त्या वेळी आम्ही नेहमीप्रमाणे धुळ्याच्या रस्त्यावर असतो तर ती मागच्या आसनावर झोपलेली असती.

जळगाव, गुरुवारी

पाचोरामार्गे जळगावला आलो. वेग साठच्या वर जाऊ दिला नाही, कारण मोठा ट्रक शेजारून गेला की हवेचा दाब खोलीला आधी बाजूला ढकलतो आणि मग ओढून घेतो. तेव्हा स्टिअरिंग स्थिर धरून हलकेच वेग कमी करणे एवढेच चालकाच्या हाती असते. दर तासाभराने थांबलो. रात्री मावशीकडे उतरलो आणि मुलांनी मावशीच्या पलंगांपेक्षा अंगणातल्या आपल्या फळ्याच पसंत केल्या.

चांगदेव, शनिवारी

इथे दोन रात्री राहायचे ठरवले आणि हा या प्रवासातला सर्वांत चांगला निर्णय आहे, असे मला वाटते. पूर्णा जिथे तापीला मिळते, तिथे हे गाव आहे. मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपाशी समुद्राला मिळते; आम्ही लहानपणापासून तिचे पाणी प्यायलो, पण पूल ओलांडताना खिडकीतून दिसेल एवढीच ती मुलांना ठाऊक होती. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून नदीच्या पात्रापासून बऱ्याच उंचीवर, पक्क्या जमिनीवर खोली उभी केली.

पाटणचे चांगदेव आणि इथले योगी चांगदेव वेगळे, हे थोरलीला समजावण्यात सकाळचा काही वेळ गेला. त्यानंतर मंदिराच्या थंड दगडी सावलीत बसून मी दोघांना चांगदेवांची कथा सांगितली: चौदाशे वर्षे जगलेले योगी वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघतात, आणि ही चार भावंडे ज्या भिंतीवर बसलेली असतात ती भिंतच त्यांच्या स्वागताला चालू लागते. ही कथा मी त्यांना आधीही सांगितली होती. या वेळी मात्र धाकटा मध्येच उठून उभा राहिला. भिंत चालली तेव्हा ज्ञानदेव भिंतीवर बसले होते, मग आम्हाला चालत्या घरात का बसू देत नाही, असे त्याने सर्वांसमोर विचारले. देवळात दर्शनाला आलेल्या एका वारकरी बाईंनी त्याला जवळ घेऊन सांगितले, “बाबा, ते ज्ञानोबा होते, आणि त्यांच्या भिंतीला ब्रेक लागत नव्हता.” त्याला ते पटले. त्यानंतर त्याने हा विषय काढलेला नाही.

मग संध्याकाळभर मुक्ताबाईविषयी बोलत राहिलो. वयाने सर्वांत धाकटी असूनही ती चांगदेवांची गुरू झाली, ही गोष्ट थोरलीला इतकी आवडली की तिने ती भावाला पुन्हा पुन्हा ऐकवली. भावाने मग आपण घरात सर्वांत धाकटे असल्याची आठवण तिला करून दिली. कोथळीला जाऊन मुक्ताईच्या जुन्या मंदिरात दर्शन घेतले. दरवर्षी इथूनच मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, आणि मुलांच्या पणजी त्या वाटेने पायी गेलेल्या होत्या, हे मुलांच्या बाबांनी त्यांना तिथेच सांगितले.

सकाळ मात्र नदीची होती. पाण्यावर धुके होते, होडीतून जाळे टाकणारे कोळी बांधव दिसत होते, आणि पलीकडच्या काठाला नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीने बसले होते. मुले पांघरूण गुंडाळून दाराच्या पायरीवर बसली आणि चहा होईपर्यंत तिथून हलली नाहीत. अशी सकाळ मिळावी म्हणून कुणाला गाढ झोपेतून उठवावे लागले नाही, गाडीत कोंबावे लागले नाही, की रस्त्यात उलटी झाली म्हणून थांबावे लागले नाही. मुलांना डोळे उघडताच नदी दिसली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. न्हाणीघरातले सांडपाणी आणि शौचालयाची पेटी नदीकाठी रिकामी करणे सोपे असते, कारण पाहणारे कुणी नसते. आम्ही पेटी बंद ठेवून गावातल्या सार्वजनिक शौचालयातच रिकामी केली, आणि सांडपाणी बादलीत जमवून एका शेतकऱ्याला विचारून बांधावरच्या झाडांना घातले. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आम्हाला मात्र या वाटेवर त्यासाठी खास उभारलेला तळ कुठे भेटला नाही आणि प्रत्येक मुक्काम गावकऱ्यांच्या भरवशावर झाला. ज्यांनी विश्वासाने जागा दिली, त्यांच्या नदीत आपली घाण सोडणाऱ्याला प्रवासी म्हणता येणार नाही.

रात्री थंडी वाढली तेव्हा शेजारच्या काकूंनी निखाऱ्यांची शेगडी आणून दिली. त्यांची माया पाहून मन भरून आले, तरी ती आम्ही बाहेरच ठेवली आणि सगळे तिच्याभोवती बसलो. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. काकूंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी घरी जाऊन मुलाला खिडकी उघडी ठेवायला सांगते, असे म्हटले.

सावद्याच्या पुढे, रविवारी

वाटेत हतनूर धरणाचे ४१ दरवाजे दुरून मोजले. धाकट्याला वीसच्या पुढची गणती येत नाही, तेव्हा त्याने दोनदा वीस मोजले आणि एक उरला असे सांगितले.

रावेर, सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यातून जाताना उजव्या हाताला सातपुडा आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, असे दृश्य तासन्‌तास बदलत नाही. मुलांना ते कंटाळवाणे वाटेल, अशी मला भीती होती. एका बागेत कापणी सुरू होती आणि बागाईतदारांनी आग्रहाने बोलावले, म्हणून खोली रस्त्याच्या कडेला नीट उभी करून आत गेलो. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावरच्या जाड गादीवर झेलतो आणि घड कुठेही न टेकवता ट्रकपर्यंत नेतो. सालीला ओरखडा पडला तर भाव पडतो, हे तिथल्या मजुराने थोरलीला समजावून सांगितले. लागवडीच्या हंगामावरून मृगबाग कोणती आणि कांदेबाग कोणती, हे ती आता मला सांगते.

दुपारचे जेवण त्यांच्याकडेच झाले. बामणोदची हिरवी, लांब वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजून, साल काढून, लाकडी उखळीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली, त्यात कांद्याची पात, शेंगदाणे आणि भरपूर तेल पडले, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्यांना आणि जळगावच्या केळींना दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण हे भरीत खाताना त्याची आठवण कुणाला होत नाही. मुलांसाठी बिनमिरचीचे वेगळे काढले होते. धाकट्याने ते नाकारून मोठ्यांच्या ताटातलेच खाल्ले, डोळ्यांत पाणी आले तरी थांबला नाही.

चोपडा तालुका, मंगळवारी

अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून बारमाही गरम पाणी पडते. सहा लिटरांत चौघांची अंघोळ उरकण्याची सवय झालेल्या मुलांना त्या कुंडातून बाहेर काढणे हे आजच्या दिवसातले सर्वांत अवघड काम होते. सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच खोली नेली. घाटात ती ओढायची नाही, हे आम्ही निघतानाच पक्के केले होते. म्हणूनच सुरुवातीला कन्नडचा घाट टाळला आणि म्हणूनच तोरणमाळही या वेळी सोडले. उतारावर मागचे वजन पुढच्या गाडीला रेटत राहते, ब्रेक तापतात, आणि लहान मुले बरोबर असताना तो अनुभव घेण्याची मला गरज वाटत नाही.

दुपारी सासूबाईंच्या गावी पोहोचलो. त्यांनी या सगळ्या बेताला फोनवर कडाडून विरोध केला होता. घरदार असताना रानात झोपायचे कशाला, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात मुलांची काळजीच अधिक होती. आज नातवाने हात धरून त्यांना आत नेले, फळी खाली ओढून दाखवली, नळ सोडून दाखवला, आणि मुक्ताईची गोष्ट चांगदेवाच्या भिंतीसह पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. रात्री त्या आपल्या घरात झोपल्या नाहीत. नात आणि नातू दोघांच्या मध्ये, खालच्या फळीवर झोपल्या.

सकाळी चुलीवर भाकरी टाकताना त्यांनी मला विचारले की ही खोली दिरांना केव्हा परत द्यायची आहे. सुट्टी संपताच, असे मी सांगितले. त्यावर त्यांनी मुलांच्या बाबांना बाहेरून हाक मारून बोलावले आणि भावाला आत्ताच फोन करायला लावला: महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाची यात्रा असते, तेव्हा ही खोली त्यांना हवी आहे, गावातल्या आणखी दोघी म्हाताऱ्या बरोबर येतील, आणि त्यांना वरच्या फळीवर चढता येत नसल्याने मुलांनी वर झोपायचे आहे.