एडमंटनच्या थंडीत उघड्यावर इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना : माझा अनुभव

आम्ही कॅनडात एडमंटनला राहतो, टाउनहाऊसला गॅरेज नाही, गाडी बारा महिने उघड्यावर. इलेक्ट्रिक घेणार म्हणल्यावर जो तो विचारायचा, उणे ३० मधे चार्जिंग कसं करणार? होतं व्यवस्थित, फक्त थंडीत बॅटरीचं काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

इथे बहुतेक पार्किंगला १२० व्होल्टचा प्लग असतोच, पेट्रोल गाड्यांचे ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारे) लावायला. आधी त्यावरच भागवत होतो. त्यातून १२ अँपिअर म्हणजे साधारण १.४ किलोवॅट मिळतात, ऑक्टोबरपर्यंत रात्रभर लावली की ऑफिसपुरतं आरामात भरायचं. मग पारा उणे २० च्या खाली गेला आणि सकाळी बघते तर टक्का जेमतेम हललेला! गोठलेली बॅटरी जोरात चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि सेल कायमचे खराब होतात, म्हणून गाडी आलेली वीज आधी बॅटरी तापवायला वापरते आणि उरेल तीच भरते, १.४ मधून कितीशी उरणार.

म्हणून २४० व्होल्टचा चार्जर बसवला. टाउनहाऊस सोसायटीच्या बोर्डाची परवानगी, परमिट, इलेक्ट्रिशियन हे सगळं आलंच, पण एक मनापासून सांगते, केबल जमिनीखालून न्यायची असेल तर खोदकाम थंडीआधीच उरकून घ्या, नंतर माती दगड होते. ४० अँपिअरचं सर्किट, गाडीला ३२ अँपिअर, म्हणजे साडेसात किलोवॅटच्या आसपास, बॅटरी तापवण्यात थोडे गेले तरी भरपूर उरतात. आमचा हिवाळा ह्या एका गोष्टीने सुटसुटीत झाला.

सवय एकच लावून घेतली, घरी आल्या आल्या प्लग लावायचा. चालवून आलेली बॅटरी गरम असते ना, जेवून मग लावू म्हणलं तर तोवर ती गारठते आणि परत तापवण्यात वीज जाते. सकाळची निघायची वेळ ॲपमधे टाकून ठेवते, मग केबिन आणि बॅटरी दोन्ही घरच्या लाईटवर तापतात, रेंज वाचते आणि रीजेन ब्रेकिंगही (वेग कमी होताना वीज परत बॅटरीत भरणारं) लवकर सुरू होतं.

ओला बर्फ पडून मग गोठलं की गाडीच्या चार्जिंग पोर्टचं झाकण चिकटतं. गरम पाणी अजिबात ओतायचं नाही, तेच परत गोठतं. हाताने हलकं ठोकून बर्फ सोडवायचा, आतून गाडी तापू द्यायची. चार्जरच्या केबलचं हँडल वापरात नसताना तोंड खाली करून अडकवायचं म्हणजे आत बर्फ साचत नाही. केबल ताठ होते, ओढाताण करू नये.

कॅल्गरीला जाताना वाटेत रेड डियर गावात फास्ट चार्जरवर थांबतो, तेव्हा नेव्हिगेशनमधे तो चार्जरच टाकायचा, गाडी वाटेतच बॅटरी तापवत नेते, नाहीतर तिथे ताटकळत बसावं लागतं.

जानेवारी २०२४ मधे पारा उणे ४० च्या खाली गेला आणि १३ तारखेला संध्याकाळी आमच्या सगळ्या अल्बर्टा प्रांतात फोनवर इमर्जन्सी अलर्ट आला, वीज कमी वापरा, गाड्यांचं चार्जिंग पुढे ढकला. लोकांनी खरंच ऐकलं, काही मिनिटांत दीडशे मेगावॅट मागणी उतरली, मला फार भारी वाटलं ते. आम्हीपण प्लग काढला, बॅटरीत भरपूर होतं म्हणून निवांत काढता आला. डिसेंबर ते फेब्रुवारी ५० टक्क्यांच्या खाली मी जाऊच देत नाही.