बेगमीतला देव

भारतीय आयुर्विमा महामंडळाची स्थापना १ सप्टेंबर १९५६ रोजी झाली आणि त्याचे बोधवाक्य म्हणून गीतेच्या नवव्या अध्यायातील ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ हे शब्द आले. जो अनन्यभावाने माझे चिंतन करतो त्याचा योगक्षेम मी वाहतो, हे श्रीकृष्णाचे वचन हप्ते, मुदत आणि वारसाचे नाव विचारणाऱ्या संस्थेच्या बोधचिन्हाखाली जाऊन बसावे, यात काहींना विनोद दिसतो. देवाची अट अनन्य भक्तीची, तर महामंडळाची वेळेवर भरलेल्या हप्त्याची! मला मात्र ही निवड चपखल वाटते. जे मिळालेले नाही ते मिळणे हा योग आणि जे मिळाले ते राखणे हे क्षेम, असा अर्थ भाष्यकार सांगतात. त्यांतले राखण्याचे काम माणसानेही अंगावर घ्यावे, अशीच आपल्याकडची जुनी समजूत आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असे म्हणून आळशाची थट्टा करणारी माणसे काही नास्तिक नव्हती. सकाळची पूजा आटोपूनच ती कामाला लागत.

कोकणात आगोटीच्या बेगमीचे दिवस आले की ही समजूत अंगणात पसरलेली दिसते. वैशाखाच्या उन्हात आंबोशी, सांडगे, मिरच्या आणि फणसाची साठे वाळत असतात. कौले परतून घेतली जातात आणि लाकूडफाटा पडवीत रचला जातो. माझी आजी आमसुले करी ती पाहण्यासारखी असत. रातांब्यांच्या साली त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. अशी पुटांवर पुटे चढली की लालसर साल काळपट, मऊ आणि चिवट होई, आणि मगच ती बरणीत जाई. हे सारे करताना तिच्या तोंडी वाक्य असे, ‘उद्याचं कुणी पाहिलंय?’ ज्याच्यावर भरवसा नाही त्या उद्याकरिता सगळे अंगण अडवून बसलेल्या बाईने असे म्हणावे, याचे मला लहानपणी हसू येई. आता वाटते की तिच्या बोलण्यात आणि करण्यात काडीचाही विरोध नव्हता. उद्या आपल्या हातात नाही, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तोच बरणीचे झाकण फडक्याने घट्ट बांधतो. गोव्यातही पावसाळ्याआधी ‘पुरुमेंत’ भरण्याची रीत आहे आणि मडगावच्या चर्चच्या फेस्ताला त्यासाठीच बाजार भरतो. सुकी मासळी, मिरच्या आणि कोकमे यांची खरेदी सणाला धरूनच होते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पण नुसती साठवण म्हणजे क्षेम नव्हे. आजीच्या बेगमीत ‘आल्यागेल्याचे’ म्हणून एक माप नेहमी जास्तीचे असे आणि ते घरच्यांच्या मापातून कधीच काढले जात नसे. कोण येणार हे तिला ठाऊक नसे. कोणीतरी येणार, एवढे मात्र ती धरून चाले. दूरदृष्टीला दयेची जोड मिळते ती या जास्तीच्या मापात, असे माझे मत आहे. ते वगळले की मागे उरते ती साठेबाजी.

या दृष्टीने दामाजीपंतांची कथा पुन्हा वाचावीशी वाटते. बेदरच्या बहामनी राजवटीतला मंगळवेढ्याचा हा अंमलदार दुष्काळात सरकारी कोठारे उघडून रयतेला धान्य वाटतो आणि त्याच्यावर गदा येणार तोच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन धान्याची किंमत भरतो. आपले लक्ष अर्थातच विठ्ठलाकडे जाते. मला मात्र आधी धान्य दिसते. कोठार रिकामे असते तर पंतांची करुणा कोरडीच राहिली असती.

त्या मुलखातली साठवणही सोपी नव्हती. देशावर ज्वारी ठेवायची ती पेवात. जमिनीत खोल खणून कडब्याचे अस्तर द्यायचे, धान्य भरायचे आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत धान्याच्या श्वासोच्छ्वासाने प्राणवायू संपत जातो आणि त्या कोंडलेल्या हवेत कीड तग धरत नाही; पण पेव उघडल्याबरोबर घाईने उतरलेला माणूसही त्याच हवेत गुदमरतो. म्हणून तोंड उघडून थांबायचे, कंदील आत सोडून पाहायचा आणि ज्योत टिकली तरच उतरायचे. भुकेच्या दिवसांत, धान्य हाताशी असताना, हे थांबणे किती कठीण गेले असेल!

मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या खोल काळ्या रानात परतीच्या पावसाची ओल साठते आणि पुढे थेंब पडला नाही तरी रब्बीची ज्वारी त्या ओलीवर कणसात येते. ती ओल जमिनीत कोणी ठेवली, या प्रश्नाला भाविक आणि कृषितज्ज्ञ वेगवेगळी उत्तरे देतील, आणि मला दोन्ही पटतील. पेवाचे मात्र तसे नाही; ते कोणीतरी खणले होते, कोणीतरी पाठीवरून पोती आणून भरले होते. दामाजीपंतांच्या कथेत ते उघडणाऱ्याचे नाव आहे, त्याची किंमत चुकवणाऱ्या देवाचेही आहे. भरणाऱ्यांचे कोठेच नाही.