स्वयंपाकाचे पैसे, गरम करण्याचे काम

इंग्लंडमधल्या पबांविषयी तक्रार करण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी मानते, कारण ही तक्रार पब न आवडणाऱ्या माणसाची नाही. जुनी लाकडी बाके, टेबलाखाली निवांत झोपलेले कुणाचे तरी कुत्रे, ओळख नसतानाही हवामानावरून सुरू होणारे बोलणे आणि एका पेल्यावर दोन तास बसलात तरी कुणी उठवायला न येणे, हे सगळे मला मनापासून आवडते. आवडत नाही ते तिथले जेवण, आणि त्याहूनही अधिक त्या जेवणाचे बिल. हल्ली पबमध्ये जेवून बाहेर पडताना आम्हा नवरा-बायकोपैकी कुणीतरी एक जण हमखास म्हणतो की, यापेक्षा घरी पिठले-भात टाकला असता तर बरे झाले असते.

सतरा-अठरा पौंडांना मिळणारे ताट कसे असते ते सांगते. फिश अँड चिप्स (तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले तुकडे) मागवले तर माशावरचे आवरण फुगून माशापासून सुटलेले असते, आतून तेल गळत असते, आणि चिप्स वरून पिवळट व मध्ये गार असतात. ‘स्टेक अँड एल पाय’ म्हणजे गोमांस आणि एल नावाच्या बियरचा रस्सा पेस्ट्रीत, म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत, भरून भाजलेला पदार्थ; पण त्या नावाने जे येते तो बहुतेक वेळा वाडग्यातला पातळ रस्सा असतो आणि त्यावर वेगळी भाजलेली पेस्ट्रीची टोपी ठेवलेली असते. खाली आणि बाजूंनी पेस्ट्री नसेल तर त्याला पाय म्हणू नये, असे म्हणणारे इंग्रज मित्र मला आधी हट्टी वाटत, आता वाटत नाहीत. रविवारच्या रोस्टमध्ये, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणात, मांसाचे काप सकाळीच करून गरम कपाटात ठेवलेले असतात आणि त्यांचा कोरडेपणा झाकण्यासाठी वर भरपूर ग्रेव्ही ओतलेली असते. माझा नवरा शाकाहारी आहे. त्याच्या वाट्याला पूर्वी मशरूमचा रिसोटो किंवा शेळीच्या दुधाच्या चीजचा टार्ट येई, आता कारखान्यातून आलेल्या टिक्कीचा बर्गर येतो, आणि त्याची किंमत गोमांसाच्या बर्गरइतकीच असते. ही किंमत कशाच्या हिशेबाने ठरते, हे त्याला आजवर कुणी सांगू शकलेले नाही.

गोठवलेल्या पदार्थांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. गोठवलेले मटार उत्तमच असतात, आणि बोटीवरच गोठवलेला मासा बंदरापासून चार दिवस प्रवास करून आलेल्या ‘ताज्या’ माशापेक्षा कितीतरी चांगला निघतो. माझा प्रश्न एवढाच आहे की, त्या स्वयंपाकघरात नेमके काय झाले. जर रस्सा दुसऱ्या गावच्या कारखान्यात शिजला, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन आला आणि इथे फक्त गरम पाण्यात बुडवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून ताटात ओतला गेला, तर मी स्वयंपाक्याच्या कौशल्याचे पैसे का द्यावेत? स्वयंपाकाचे पैसे घ्यायचे आणि गरम करण्याचे काम करायचे, ही माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली खरी लबाडी आहे. बाकीच्या तक्रारी तिच्यातूनच निघतात.

ही लबाडी ओळखणे फारसे अवघड नाही. दोन माणसे जेमतेम उभी राहतील एवढ्या स्वयंपाकघरातून थाई करी, लझान्या, बर्गर, मासे, पाय आणि सहा प्रकारचे गोड पदार्थ निघत असतील, तर ते तिथे शिजत नसणार हे उघड आहे. पदार्थ कडेला जीभ पोळेल इतका कढत आणि मध्ये कोमट असेल, तरी तेच. पण सर्वांत खात्रीची खूण म्हणजे, एखादी गोष्ट वगळायला सांगणे. ‘यात क्रीम घालू नका’ असे सांगितल्यावर वाढणारी मुलगी आत जाऊन येते आणि ओशाळून म्हणते की, ते तसेच तयार येते. तिच्यावर रागावण्यात अर्थ नसतो. त्या पबमध्ये खरे बोलणारी बहुधा ती एकटीच असते.

मेन्यू मात्र वेगळेच बोलत असतो. हाताने कापलेले, तीनदा तळलेले, मंद आचेवर शिजवलेले, पारंपरिक, घरगुती. अन्नाचे दिशाभूल करणारे वर्णन करणे हा 1990 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली गुन्हा आहे, परंतु ‘पारंपरिक’ हा शब्द खोटा आहे हे सिद्ध कसे करणार? फ्रान्सने 2014 साली कच्च्या मालापासून तिथल्या तिथे बनवलेल्या पदार्थांसाठी एक अधिकृत चिन्ह आणले, ज्यात भांड्यावर झाकण म्हणून घराचे छप्पर दाखवले आहे. त्या नियमांतही पळवाटा आहेत, पण निदान प्रश्न विचारला गेला. कायद्याने ठरवून दिलेली तशी खूण इंग्लंडमध्ये नाही. त्याऐवजी एप्रिल 2022 पासून 250 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना इथे मेन्यूवर कॅलरी छापाव्या लागतात. त्यामुळे समोरच्या पायमध्ये किती कॅलरी आहेत हे मला अचूक कळते, तो कोणत्या गावात शिजला हे कळत नाही. आणि आकडा इतका अचूक असणे हीच एक चहाडी आहे, कारण माणसाच्या हाताने रोज केलेला रस्सा रोज तेवढ्याच कॅलरींचा होत नाही.

आता पबचालकाची बाजू, कारण ती न मांडणे अन्यायाचे होईल. अठरा पौंडांच्या ताटातले तीन पौंड 20 टक्के व्हॅटमध्ये (विक्रीवरच्या करात) जातात आणि पंधरा उरतात. या धंद्यातला सर्वसाधारण ठोकताळा असा की, व्हॅट वजा जाता किमतीच्या तीस टक्क्यांच्या आसपास खर्च कच्च्या मालावर व्हावा. म्हणजे ताटात साडेचार पौंडांचे अन्न. उरलेल्या साडेदहा पौंडांत पगार, भाडे, गॅस, वीज, भांडी घासणे आणि मंगळवारच्या रिकाम्या संध्याकाळचा तोटा हे सगळे भागवायचे. किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये 21 वर्षे व त्यावरील कामगारांसाठी तासाला 12.21 पौंड झाले आणि त्याच महिन्यात मालकाने भरायच्या राष्ट्रीय विम्याचा (पगारावरच्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा) दर 15 टक्क्यांवर गेला. तसाच गोठवलेला पाय सुपरमार्केटमधून घरी नेला तर त्यावर व्हॅट शून्य असतो. युरोपातून मुक्तपणे येणारे स्वयंपाकी ब्रेक्झिटमुळे 2021 पासून येईनासे झाले. अशा परिस्थितीत कसलेला शेफ ठेवण्यापेक्षा पिशव्या उघडणारा कामगार ठेवणे स्वस्त पडते, हे मला समजते. मला न समजणारी गोष्ट ही की, तो बदल झाल्यावर किंमत मात्र शेफचीच का राहिली.

मुळात पब ही जेवणाची जागा नव्हतीच. बियर, फार तर लोणच्यातले अंडे, क्रिस्प्सचे (बटाट्याच्या वेफर्सचे) पाकीट, सँडविच, एवढ्यावर भागत असे. शेतकऱ्यांची फार जुनी न्याहारी वाटणारा ‘प्लाउमन्स लंच’ हा चीज, पाव आणि लोणच्याचा थाळा त्या नावाने लोकप्रिय झाला तोदेखील 1950-60 च्या दशकांत, चीज आणि दूध विकणाऱ्या संस्थांच्या जाहिरातींमुळे. पुढे 1989 मध्ये सरकारने मोठ्या बियर कंपन्यांच्या ताब्यात किती पब असावेत यावर बंधने आणली. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता, पण ते हजारो पब मालमत्ता सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांच्या हाती गेले. या कंपन्यांचा भाडेकरू बियर त्यांच्याकडूनच, बाजारभावापेक्षा चढ्या दराने, घेण्यास सहसा बांधलेला असतो. बियरमध्ये सुटत नाही म्हटल्यावर त्याने जेवणाकडे वळणे ओघानेच आले. त्यात जुलै 2007 पासून इंग्लंडमधल्या पबमध्ये धूम्रपानाला बंदी आली, ओढत-पीत बसणारे गिऱ्हाईक घटले आणि कुटुंबाला जेवायला बोलावणे ही हौस न राहता गरज झाली. स्वयंपाक कधीच न केलेल्या जागेवर स्वयंपाक असा येऊन पडला.

हे चांगल्या रीतीने कसे करता येते तेही इथेच दिसले होते. 1991 साली मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर यांनी लंडनच्या फॅरिंग्डन रोडवरचा ‘द ईगल’ हा पब चालवायला घेतला आणि बारला लागूनच, सर्वांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाक सुरू केला. मेन्यू छापलेला नाही, फळ्यावर खडूने लिहिलेला. पदार्थ मोजके आणि रोज बदलणारे. ‘गॅस्ट्रोपब’ हा प्रकार तिथून सुरू झाला असे मानतात. नंतर देशभर त्याची नक्कल झाली, आणि नक्कल करणाऱ्यांनी खडूचा फळा घेतला, जुन्या लाकडाची टेबले घेतली, किंमत घेतली. स्वयंपाकी तेवढा घ्यायचा राहिला. (आता तर फळ्यावरचे अक्षरही अनेक ठिकाणी छापील असते.) मार्लो गावच्या ‘हँड अँड फ्लॉवर्स’ या पबला मिशेलिन या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेने दोन तारे दिले होते हे मला ठाऊक आहे, पण ते उदाहरण तोंडावर फेकून उपयोग नाही. मला तारे नकोत. चारही बाजूंनी पेस्ट्री असलेला पाय हवा.

या सगळ्यात ग्राहकाचाही वाटा आहे, आणि तो मला विशेष कुतूहलाचा वाटतो. बियरच्या बाबतीत हा समाज विलक्षण दक्ष आहे. पिंट म्हणजे 568 मिलिलिटर, त्या मापाची अधिकृत खूण पेल्यावर असते, आणि बियर आंबट लागली तर ग्राहक ती परत नेऊन ठेवतो व काउंटरवरचा माणूस हुज्जत न घालता दुसरी देतो. 1971 मध्ये चार मित्रांनी बेचव, यांत्रिक बियरला कंटाळून ‘कॅम्रा’ ही ग्राहक संघटना काढली आणि पिंपातली जिवंत बियर नामशेष होण्यापासून वाचवली. मात्र हाच चोखंदळ माणूस गार चिप्स समोर आल्यावर, ‘सगळे ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘फारच छान, धन्यवाद’ असे उत्तर देतो आणि दारातून बाहेर पडल्यावर कुरकुर करतो. आपण मराठी माणसेही ‘जाऊ दे, कशाला उगाच’ म्हणत यात सहज मिसळून जातो. जेवणासाठी एखादी कॅम्रा का निघाली नाही, याचे उत्तर मला या ‘छान’मध्ये दिसते.

मी आता तसे म्हणत नाही. गार आलेले ताट परत पाठवते, आवाज न चढवता. जेवण मागवण्याआधी काउंटरवर विचारते की, आज इथे काय शिजले आहे. सरळ विचारले तर लोक सहसा सरळ सांगतात, आणि कधीकधी आवाज खाली आणून ‘लझान्या नको’ असेही सांगतात. बिलात काही ठिकाणी जोडलेले साडेबारा टक्के सेवाशुल्क मात्र मी काढायला लावत नाही. ते ऐच्छिक असते आणि जेवण वाईट असेल तर ते नाकारावेसे वाटते खरे. परंतु ऑक्टोबर 2024 पासून ती रक्कम पूर्णपणे कामगारांकडे जावी असा कायदा आहे, आणि पिशवीतला रस्सा आणायचा हा निर्णय ताट घेऊन येणाऱ्या मुलाचा नसतो.

आमच्या ओळखीच्या एका पबचालकाला मी एकदा सुचवले की, स्वयंपाकी परवडत नसेल तर गरम जेवणाचा आव आणूच नये. चांगला पाव, चांगले चेडर, हॅम, लोणचे, एखादे सफरचंद, असा थाळा नऊ पौंडांना द्यावा आणि मोकळे व्हावे. तो हसला आणि म्हणाला, ‘नऊ पौंडांतले साडेसात माझ्या हाती येणार. टेबल तेवढेच अडणार, दिवे तेवढेच जळणार, वाढणारा माणूस तोच. शिवाय तुम्ही थाळा खाल, पण तुमच्याबरोबर आलेल्या चौघांना बर्गर हवा असेल, आणि बर्गर नसेल तर तुम्ही पाचही जण समोरच्या पबमध्ये जाल.’ त्याचा हिशेब चूक नव्हता. तरीही चौघांपैकी किती जणांना तो बर्गर खरोखर हवा असतो आणि किती जण मेन्यूवर दुसरे काही धड दिसत नाही म्हणून तो मागवतात, हे त्याने कधी विचारून पाहिलेले नाही, असे त्यानेच मान्य केले. सध्या आम्ही त्याच्याकडे जातो ते घरून जेवून. तो बियर फार चांगली ठेवतो.