लाल लाईटच्या थेरपीने खरंच जखम भरते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सारखाच येतो, आणि माझं उत्तर आहे हो, भरायला मदत होते, पण नुसतं हो म्हणून सोडून देता येत नाही.

१९६७ च्या आसपास बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर नावाचे डॉक्टर उंदरांची पाठ भादरून त्यावर कमी ताकदीचा लेझर सोडत होते, तर लेझर सोडलेल्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले! मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर तोच प्रकाश वापरून बघितला, तिथून हे सगळं सुरू झालं. साधारण ६०० ते १००० नॅनोमीटरचा लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीची ऊर्जा बनवणाऱ्या छोट्या भागांत, शोषला जातो आणि पेशीला कामाला जास्त ऊर्जा मिळते, असं सध्या मानलं जातं. चटका नाही, ऊब सुद्धा फारशी नाही, म्हणून पेशंट विचारतात, मॅडम मशीन चालू आहे ना?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डोसचा. माझे एक पेशंट, गुडघ्यासाठी घरी डिव्हाइस आणलेलं, दहा मिनिटं सांगितली तर चाळीस मिनिटं लावून बसायचे, लवकर बरं वाटेल म्हणून. पण इथे डोस कमी पडला तर काही होत नाही, बरोबर असला तर फायदा, आणि जास्त झाला की तो फायदाच कमी होतो, कधी उलटा परिणामही दिसतो. म्हणून आम्ही नुसती मिनिटं बघत नाही, दर चौरस सेंटीमीटरला किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा पडली ते मोजतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भरवसा आहे तो कॅन्सर पेशंटच्या तोंडाच्या बाबतीत. रेडिएशन किंवा केमोने तोंड इतकं सोलवटतं की पाणी गिळताना डोळ्यात पाणी येतं, आणि ते होऊ नये म्हणून आधीपासून हा प्रकाश देणं आता आंतरराष्ट्रीय गाईडलाईन्समध्ये आहे, ठरावीक उपचारांसाठी. तेही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण गाठीवर थेट प्रकाश मारायचा नसतो. आणि लेझर असेल तर डोळ्यांना गॉगल हवाच.

डायबेटिसवाले पायाच्या जखमेचा फोटो पाठवून कुठला लाईट घेऊ विचारतात ना, त्यांना मी आधी शुगर किती आहे आणि ड्रेसिंग कोण करतंय ते विचारते, लाईटचं नंतर बोलू.