जत्रेत झुणका-भाकरीचा स्टॉल आणि त्याची कागदपत्रं – माझा अनुभव

जत्रेपुरती भजी तळायची तर त्याला पण लायसन लागतं काय, असं मला आत्तापर्यंत बऱ्याच जणींनी विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लागतं. म्हणजे लायसन नाही, रजिस्ट्रेशन, आणि या दोन्हीत फरक आहे, तो माहीत नसला की एजंटांचं फावतं.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, सासर बेळगावात वडगावला. २०२५ च्या उन्हाळ्यात माहेरच्या गावची लक्ष्मी यात्रा भरली. आमच्याकडच्या या यात्रा दरवर्षी नसतात, गावागावाप्रमाणं बऱ्याच वर्षांनी येतात, त्यामुळं आली की मग मुंबई-पुण्याला गेलेले, गोव्यात कामाला असलेले, लेकीबाळी, त्यांचे सासरचे, सगळं गाव फुटून वाहतं. घराघरात जेवणं असतातच पण रात्री देवीपुढं गर्दीत फिरणाऱ्याला काहीतरी चटकदार लागतंच की. वैनी ज्या स्त्रीशक्ती संघात, म्हणजे बायकांच्या बचत गटात आहे, त्या बायकांनी ठरवलं की तांदळाची भाकरी-झुणका, मिरची भजी, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि ताक असा स्टॉल लावायचा. आणि कागदाचं काम कुणी करायचं तर बेळगावात राहणारी शिकलेली नणंद आहे की, ती करेल. झालं.

पहिली गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती ती म्हणजे सगळं एका जागी होत नाही. जागा एकाच्या हातात, अन्नाचं दुसऱ्याच्या, लाइटचं तिसऱ्याच्या, डॉक्टरचा दाखला चौथ्याकडं, आणि प्रत्येकाला आपल्या कागदाच्या आधी दुसऱ्याचा कागद बघायचा असतो. फिरून फिरून माझ्या लक्षात आलं ते असं की जागेचं पत्र आधी पाहिजे. बाकी सगळं त्या पत्रावर टांगलेलं असतं. पत्र नसताना बाकीच्या ऑफिसात गेलात तर "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, ऐकून परत यायचं.

आमच्या गावात जागा यात्रा कमिटी देते आणि पंचायतीचं ना हरकत पत्र पीडीओकडून, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडून घ्यायचं. काही ठिकाणी पंचायत स्वतः जागेचा लिलाव करते, तिथं लिलावाची पावतीच पुरते असं ऐकलं. कमिटीत सगळे ओळखीचे, कुणी चुलता कुणी मामा, पण ओळख असली तरी लेखी घ्या. कुठली जागा, किती फूट बाय किती फूट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोण लावणार, हे सगळं त्यात आलं पाहिजे. आणि पत्र कानडीत. मला कानडी बोलायला येतं, वाचायला अडखळते, तर भाच्यानं अर्ज लिहून दिला, तो कानडी शाळेत आहे, त्यानं इतकं शुद्ध लिहिलं की पीडीओ साहेब वाचून हसले, म्हणाले हे कुणी लिहिलं. काम मात्र लगेच झालं. कमिटीनं एक अट घातली ती बरी होती, देवळाच्या बाजूला फक्त शाकाहारी, बाकीचे पलीकडं ओढ्याच्या अंगाला. आमचं शाकाहारीच होतं त्यामुळं देवळाजवळची जागा मिळाली आणि तीच सगळ्यात जास्त वर्दळीची.

आता मुख्य भाग. अन्नाचं रजिस्ट्रेशन २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली होतं आणि २०११ च्या नियमांत छोट्या विक्रेत्यांची व्याख्या दिली आहे, त्यात फेरीवाला, फिरता विक्रेता, तात्पुरता स्टॉलवाला असे शब्द स्पष्ट आहेत. इतकंच नाही, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे पण त्यात येतात, म्हणजे फुकट वाटलं म्हणून सुटका नाही. हे मी यात्रा कमिटीच्या मामांना सांगितलं तर ते म्हणाले महाप्रसादाला कसलं रजिस्ट्रेशन गं, देवीचं आहे. मी गप्प बसले, माझा स्टॉल मला लावायचा होता.

आम्ही केलं तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की रजिस्ट्रेशन, फॉर्म ए, फी वर्षाला १०० रुपये. फक्त शंभर. हा आकडा लक्षात ठेवा कारण गूगलवर शोधलं की वर ज्या साइट येतात त्या दिसायला अगदी सरकारी, अशोकस्तंभासारखं काहीतरी, निळा-केशरी रंग, आणि फॉर्म भरला की पाच मिनिटांत फोन येतो, मॅडम तुमचं काम करून देतो, आणि मागतात हजारात. मला पण फोन आला. इतका गोड बोलत होता की एखादी भाबडी बाई पैसे पाठवून मोकळी होईल. खरं पोर्टल म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचं सरकारी फॉसकॉस, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, ते बघूनच पुढं जायचं. स्वतः जमत नसेल तर ग्राम वन सेंटरमध्ये जा, गावात सरकारी अर्ज भरून देतात ते, तिथं थोडे सर्व्हिसचे पैसे घेतात पण पावती देतात.

फॉर्म तसा अवघड नाही, आधार, फोटो, मोबाइलवर ओटीपी. पाणी कुठलं वापरणार, सार्वजनिक का खासगी, असं विचारतात. वीज वापरणार का तेही. धंद्याचा प्रकार निवडायचा असतो, फॉर्म ए मध्ये कायमचा किंवा तात्पुरता स्टॉल वेगळा, फेरीवाला वेगळा आणि जत्रा किंवा धार्मिक मेळाव्यातले खाण्याचे स्टॉल वेगळे. इथं नीट वाचून निवडा, केटरर बिलकुल निवडू नका, त्याचं कारण शेवटी सांगते.

अडलं ते पत्त्यावर. स्टॉलला पत्ता कुठला? शेतात मांडव, ना घर नंबर ना गल्ली. अर्ज वैनीच्या नावावर, तिचं घर गावातच, पण आधारवर तिच्या माहेरचा पत्ता, बैलहोंगल तालुक्यातला, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बदललाच नाही. आणि पोर्टलवर तालुका निवडला की अर्ज त्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडं जातो, म्हणजे आधार बघून बैलहोंगल टाकलं असतं तर यात्रा खानापूर तालुक्यात आणि अर्ज तिकडंच. मी अर्ज पाठवायच्या आधीच जाऊन विचारलं. आधी एका ऑफिसात गेले तिथं टेबलावरच्या माणसानं सांगितलं इथलं नाही, दुसऱ्या टेबलावर सांगितलं साहेब फिरतीवर, मग एकानं सांगितलं की घरचा पत्ता द्या, दुसऱ्यानं सांगितलं घरचा देऊ नका. दोघं एकाच खोलीत बसलेले बरं का! शेवटी अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः भेटले, त्यांनी पंचायतीचं पत्र बघितलं आणि म्हणाले जिथं अन्न विकणार ती जागा धंद्याची जागा, हे पत्र जागेचा पुरावा म्हणून अपलोड करा, तालुका खानापूर निवडा, घरचा पत्ता पत्रव्यवहाराला द्या. दोन वाक्यांत मिटलं. माणूस बरा होता, फक्त सापडायला पाहिजे.

नियमाप्रमाणं अर्ज गेला की सात दिवसांत एकतर रजिस्ट्रेशन देतात, किंवा कारण लिहून नाकारतात, किंवा तपासणी लावतात. तपासणी लावली की ३० दिवसांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून यात्रेच्या तोंडावर अर्ज करू नका, महिनाभर आधी करा. आमचं तपासणीशिवाय आलं. चौदा आकडी नंबर, पहिला आकडा २, म्हणजे रजिस्ट्रेशन. लायसन असलं तर १ नं सुरू होतं. दुसऱ्याचा कागद खरा का खोटा बघायला ही युक्ती बरी पडते, आमच्या शेजारच्या आइस्क्रीमवाल्यानं १ नं सुरू होणारा नंबर लावला होता, तो कंपनीचा होता, त्याचा नव्हताच.

डॉक्टरच्या दाखल्याची गंमत. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी पाहिजे, त्वचेचा किंवा संसर्गाचा रोग नाही असा दाखला, आणि टायफॉइडची लस. आम्ही सगळ्या बायका टमटममध्ये बसून सरकारी दवाखान्यात. लसीचं नाव काढल्यावर आमच्यातली सगळ्यात धीट, जी बैल एकटी आवरते, ती म्हणाली मी भाकऱ्या थापणार नाही, मी पैसे घेते. तिला तसंच पैशाच्या डब्यावर बसवलं, आणि ते चांगलंच झालं कारण पैसे हाताळणारा हात पिठाला लागायला नको, हे आम्ही तसंही पाळणार होतो.

लाइटचं आमच्यावर आलं नाही, कमिटीनं हेस्कॉमकडून, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीकडून, सगळ्या मांडवासाठी तात्पुरतं कनेक्शन घेतलं आणि स्टॉलमागे पैसे वाटून घेतले. स्वतंत्र घ्यायचं तर अनामत वगैरे आलंच. गॅसबद्दल मात्र सांगते, घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर स्टॉलला चालत नाही, धंद्याचा १९ किलोचा पाहिजे. कुणी तपासायला येणार नसतं तर बऱ्याच जणांनी घरचेच आणले असते. वाळूची बादली आणि एक अग्निशामक नळकांडं कमिटीनं सक्तीचं केलं होतं, ते आम्ही भाड्यानं आणलं.

मग यात्रेच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अन्न सुरक्षावाले साहेब तपासणीला आले. सर्टिफिकेट दर्शनी लावलेलं होतं त्यामुळं त्यावर नजर टाकली आणि थेट सामानाकडं. पहिला प्रश्न रंगाचा. "अक्कारा, बण्णा हाकब्याड्री." रंग घालू नका. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियन आणि कापूसमिठाईतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, त्याआधी राज्यभरातून गोबीचे १७१ नमुने तपासले त्यात १०७ मध्ये गडबड निघाली, मग जूनमध्ये कबाबच्या रंगावर पण बंदी आली. त्यामुळं आमच्या लाइनीत सगळ्यात जास्त वेळ गोबीवाल्याकडं गेला. त्याची गोबी लालभडक, तो म्हणतोय साहेब ब्याडगी मिरची आहे. ब्याडगीचा रंग खरंच तसा येतो हो, पण हाताला लागून धुतल्यावर जात नसेल तर ती ब्याडगी नव्हे. नमुना घेऊन गेले. पुढं काय झालं कळलं नाही.

आमच्याकडं तेल बघितलं, किती वेळा तापवलंय विचारलं. तेल वारंवार तापवून त्यातले पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही असा नियम आहे, पण आम्ही रोज रात्री उरलेलं तेल काढून ठेवत होतो आणि सकाळी नवीन, त्यामुळं नफा थोडा कमी झाला, बायकांनी त्यावरून मला बरंच ऐकवलं. भजी कागदात बांधायची सवय सगळ्यांनाच, पण छापील वर्तमानपत्रात खाण्याचं बांधायला मनाई आहे, शाई अन्नात उतरते. आम्ही सुपारीच्या पानाच्या प्लेटा आणल्या होत्या, त्या महाग पडतात पण थर्माकोल कर्नाटकात २०१६ पासूनच बंद आहे. ताकात बर्फ घालतो का विचारलं. हे मला नवीन नव्हतं, खायचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम २०१८ पासून आहे, म्हणून मी मुद्दाम पांढरा स्वच्छ बर्फ पिशवीबंद आणला होता आणि तो ताकात न घालता भांड्याभोवती लावला होता. साहेबांनी ताक प्यायलं, पैसे दिले. आम्ही नको म्हटलं तरी दिले, हे आवर्जून सांगायला पाहिजे.

पिण्याच्या पाण्याचं मला वाटतं अजून कडक व्हायला पाहिजे. आम्ही कॅन आणले, पण लाइनीतले निम्मे टँकरचं पाणी ड्रममध्ये भरून त्यातच तांब्या बुचकळत होते, आणि तिकडं कुणी बघितलं नाही. रंगाची बातमी पेपरात येते म्हणून रंग बघतात, पाण्याची बातमी जत्रेनंतर दवाखान्यात येते.

कागदाचा एकूण खर्च म्हणाल तर रजिस्ट्रेशनचे शंभर, झेरॉक्स, फोटो, आणि जाण्यायेण्याचं डिझेल. जागाभाडं आणि प्लेटा यापुढं हे काहीच नाही. एजंटला दिले असते तर पहिल्या दिवसाची भजी त्यालाच गेली असती.

आणि केटररचं कारण. छोट्या विक्रेत्यांच्या व्याख्येत धार्मिक-सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे येतात पण केटरर सोडून, असं लिहिलंय. यात्रा चांगली गेली म्हणून आता संघातल्या बायकांच्या डोक्यात लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं आलंय. त्याला हे शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन चालत नाही, फॉर्म बी भरून लायसन काढावं लागतं, आम्ही बघितलं तेव्हा त्याची फी वर्षाला २००० होती, कागदं पण जास्त. मी सगळं समजावून सांगितलं तर वैनी म्हणाली, आधी गावात कुणाचं लग्न तर ठरू दे, मग बघू तुझा फॉर्म बी.